जखमी पांखरांची शुश्रूषा

सिद्धार्थ आणि देवदत्त यांची कथा आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. देवदत्ताच्या बाणानें घायाळ होऊन एक राजहंस उपवनांत पडला. सिद्धार्थानें त्याला मांडीवर घेतलें, हलक्या हातानें बाण काढला व जखमेवर औषध लावलें. पुढें हंस कोणाचा, असा वाद उपस्थित झाला, तेव्हां वडीलधाऱ्यांनीं न्याय दिला कीं, मारणारापेक्षां तारणाराचा अधिकार मोठा. हा न्याय आपल्या मनाला तत्काळ पटतो. परंतु जखमी वन्य पक्ष्यांची शुश्रूषा करणाऱ्या केंद्रांतून आज जें कार्य चाललें आहे, तें या न्यायाच्याहि एक पाऊल पुढें गेलेलें आहे. हंसावर मारणाराचा हक्क तर नाहींच, पण तारणाराचाहि नाहीं, असें तें कार्य सांगतें. हंस आकाशाचा व सरोवराचा आहे. त्याला तेथें परत पोंचविणें एवढेंच तारणाराचें काम. ही गोष्ट ऐकावयास सोपी, पण आचरावयास फार कठीण आहे. ती कशी आचरली जाते, हें आमच्या बालमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावें, असा या लेखाचा हेतु आहे.

आजारी जनावरांचे दवाखाने आपल्या देशांत नवे नाहींत. मुंबईस परळ येथें दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्यानें उभें राहिलेलें बाई साकरबाई रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून मुक्या प्राण्यांची सेवा करीत आलें आहे. दिल्लीस लाल किल्ल्यासमोरील जैन मंदिराच्या आवारांत तर खास पक्ष्यांसाठीं रुग्णालय आहे. अलीकडे पुण्याजवळ कात्रज येथें व नागपुरास सेमिनरी हिल्स येथें वन्य प्राण्यांसाठीं निराळीं केंद्रें निघालीं आहेत. तीं निराळीं कां असावींत? कारण उघड आहे. गाय, बैल किंवा कुत्रें बरें झालें म्हणजे धन्याच्या घरीं जातें, आणि थोडें लंगडत असलें तरी धनी त्याला पोसतो. रानच्या पक्ष्याला धनी नाहीं. त्याला आपलें भक्ष्य आपणच मिळवावें लागतें, आणि शत्रूपासून आपणच पळावें लागतें. म्हणून त्याच्या बाबतींत ‘बरा झाला’ या शब्दांचा अर्थ एकच: तो पूर्वींसारखा उडूं लागला. नव्वद टक्के बरा झालेला बैल शेतावर चालेल. नव्वद टक्के बरा झालेला ससाणा उपाशी मरेल.

पक्षी जखमी कां होतात, हें शोधूं लागलें म्हणजे बहुतेक ठिकाणीं माणसाचाच हात आढळतो. विजेच्या तारांनीं भाजलेल्या घारी, कांचेच्या तावदानांत झाडांचें प्रतिबिंब पाहून त्यावर आपटलेले खंड्या, पाळलेल्या मांजरानें धरलेले बुलबुल, वैशाखाच्या उन्हांत पाण्यावांचून भोंवळ येऊन पडलेले पारवे, असे नाना तऱ्हेचे रोगी केंद्रांत येतात. परंतु संक्रांतीच्या सुमारास शहरांतील सर्वांत मोठा अपराधी म्हणजे पतंगाचा मांजा. कांचेची पूड खळींत कालवून सुतावर चढविली कीं मांजा तयार होतो. तो सुती असला तर निदान उन्हापावसानें कुजून तरी जातो. नायलॉनचा धागा लवकर कुजत नाहीं, सहजासहजीं तुटत नाहीं, आणि इतका बारीक असतो कीं वेगानें येणाऱ्या पक्ष्याला तो दिसतच नाहीं. पक्षी सकाळीं चारा शोधावयास निघतात व सायंकाळीं थव्याथव्यांनीं परततात. पतंगांची गर्दीहि नेमकी त्याच वेळीं असते.

मांजाचा घाव इतका घातक कां होतो, हें समजण्यासाठीं पंखाची रचना पाहिली पाहिजे. खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढील कडेस कातडीचा एक पातळ पडदा ताणलेला असतो, आणि त्या पडद्याच्या कडेनें एक बळकट स्नायुबंध गेलेला असतो. उडतांना हवा प्रथम कापते ती हीच कडा. आणि आडवा आलेला दोराहि प्रथम घासतो तो याच कडेवर. पक्षी भिऊन धडपडतो, तसतसा दोरा करवतीप्रमाणें आंत शिरतो. वरून पाहावें तर जखम बोटभर दिसते, रक्तहि फार नसतें. पण आंतील बंध तुटलेला असला तर पंख पुनः पुरता उघडत नाहीं. संक्रांत सरली तरी हें संकट सरत नाहीं. झाडांत व तारांत गुंतलेला दोरा महिनोन्‌महिने फांसासारखा लोंबत राहतो, आणि रात्रीं उडणारीं घुबडें व वटवाघळें त्यांत अडकतात.

दिल्लीची एक हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. तेथील नदीम शहजाद व मोहम्मद सऊद या दोघां भावांस तरुणपणीं एक जखमी घार सांपडली. मांसाहारी पक्षी म्हणून तिला कोठें उपचार मिळेना. पुढें २००३ सालापासून त्यांनीं अशा घारी स्वतःच्याच घरीं आणण्यास सुरुवात केली. ते कांहीं पदवीधर पशुवैद्य नव्हते. तरुणपणीं शरीर कमावण्याच्या नादानें स्नायूंविषयीं जें वाचलें होतें, तें त्यांच्या उपयोगी पडलें, आणि बाकीची विद्या त्यांनीं वैद्यांकडून व प्रत्यक्ष कामांतून मिळविली. घरचा लहानसा धंदा सांभाळून वजीराबाद भागांतील तळघरांत व गच्चीवर त्यांनीं चालविलेल्या या केंद्रांत आजवर वीस हजारांहून अधिक पक्षी येऊन गेले आहेत. त्यांच्या कार्यावर निघालेल्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ या चित्रपटास २०२२ सालीं फ्रान्समधील कान येथें पारितोषिक मिळालें. घारीसारख्या पक्ष्यासाठीं एवढा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. शहरांतील उकिरड्यावरचें सडकें मांस जी नित्य वेंचून नेते, तिचे उपकार मोजण्यास आपण कधीं थांबलोंच नाहीं, एवढेंच याचें उत्तर.

आतां, बालमित्रांनो, एखादा जखमी पक्षी तुमच्या दारांत पडला तर काय करावें? प्रथम काय करूं नये, तें सांगतों. कारण पुष्कळ पांखरें जखमेनें मरत नाहींत, तीं आपल्या भाबड्या दयेनें मरतात. पक्षी दिसला कीं लोक त्याला हातांत घेऊन बसतात, त्याच्या भोंवतीं घोळका करतात, चोंच उघडून पाणी ओततात व दुधांत भिजविलेला पाव भरवितात. यांतील प्रत्येक गोष्ट घातक आहे. पक्ष्याच्या श्वासनलिकेचें तोंड जिभेच्या मुळाशींच असतें. ओतलेलें पाणी पोटांत न जातां फुप्फुसांत शिरतें. दूध पचविण्याची शक्ति पक्ष्याच्या ठिकाणीं नसते. आपल्याप्रमाणें छाती व पोट यांमध्यें श्वासाचा पडदा त्याला नाहीं. छातीची हालचाल चालली तरच त्याचा श्वास चालतो, म्हणून छाती घट्ट आवळून धरली तर तो गुदमरतो. आणि त्याच्या दृष्टीनें माणूस म्हणजे त्याला खावयास आलेलें एक प्रचंड जनावरच होय. आपण गोंजारतों तेव्हां तो निश्चल बसतो, तें सुखानें नव्हे, भयानें.

म्हणून मऊ पंचा किंवा फडका त्याच्यावर अलगद टाकावा, डोकें झांकावें व पंख अंगाशीं मिटवून त्याला उचलावें. घार, घुबड यांच्या नख्यांपासून जपावें, आणि बगळ्यासारख्या लांब चोंचीच्या पक्ष्यापुढें आपला चेहरा नेऊं नये, कारण तो डोळ्यांवर चोंच मारतो. असे मोठे पक्षी मुलांनीं स्वतः न उचलतां वडील माणसांस बोलवावें. पुठ्ठ्याच्या खोक्यास हवेसाठीं भोंकें पाडून, तळाशीं फडका अंथरून त्यांत पक्षी ठेवावा, झांकण लावावें, व खोकें शांत, अंधाऱ्या व उबदार जागीं ठेवावें. अंधार हें भ्यालेल्या पांखराचें पहिलें औषध आहे. अंगांत गुंतलेला मांजा ओढून काढूं नये. बाहेर लोंबणारा दोरा कात्रीनें कापावा आणि आंतला भाग वैद्यासाठीं सोडावा. झाडावर वा तारेवर अडकलेल्या पक्ष्यासाठीं स्वतः चढूं नये. अग्निशामक दलास कळवावें. मग हात साबणानें स्वच्छ धुवावे. एकाच ठिकाणीं अनेक पक्षी मेलेले आढळले तर त्यांस मुळींच शिवूं नये, कारण तो साथीचा रोग असूं शकतो. महाराष्ट्रांत वनखात्यास १९२६ या क्रमांकावर दूरध्वनि करतां येतो.

दुसरी एक चूक याहूनहि अधिक घडते. चैत्र-वैशाखांत अंगणांत एखादें पिलूं दिसतें. अंगावर पिसें आलेलीं, शेपटी आंखूड, धड उडतां येत नाहीं. मुलांस वाटतें, हें पोरकें झालें, आणि तीं त्याला घरांत आणतात. वस्तुतः तें पोरकें नसतें. बुलबुल, साळुंकी, दयाळ यांचीं पिलें पुरतें उडतां येण्यापूर्वींच घरट्याबाहेर पडतात व कांहीं दिवस झुडपांतून उड्या मारीत शिकतात. आईबाप जवळच्या फांदीवरून त्यांस चारा देतात. अशा पिलास उचलणें म्हणजे दयेच्या नांवाखालीं केलेली चोरी होय. मांजराची भीति असली तर त्याला उचलून जवळच्या झुडपावर ठेवावें व दूर जाऊन पाहावें. माणसाचा हात लागला म्हणजे आई पिलाला टाकते, ही समजूत खरी नाहीं. अगदीं उघडें, डोळे न उघडलेलें पिलूं मात्र सांपडलें तर तें त्याच्या घरट्यांत परत ठेवावें. घरटें मुळींच सांपडलें नाहीं, तरच केंद्राचा विचार करावा.

केंद्रांत पोंचल्यावर पक्ष्याची लगेच चिरफाड होत नाहीं. निरोगी पक्ष्याच्या रक्ताची ऊब ४० ते ४२ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्याहून अधिक असते. जखमी पक्षी थंड पडत जातो. प्रथम त्याला ऊब देतात, नळीनें किंवा सुईनें द्रव देतात, व वेदना थांबवितात. तो थोडा सांवरला म्हणजे मग जखम धुणें, किडे काढणें, टांके घालणें, हाड बसविणें हीं कामें होतात. पक्ष्याचीं हाडें हलकीं व पातळ असतात, आणि कित्येक पोकळ असून आंतून श्वासाच्या पिशव्यांस जोडलेलीं असतात. दंडाचें हाड मोडून बाहेर आलेलें असलें तर तें धुतांना पाणी थेट श्वासमार्गांत जाण्याचा धोका असतो, यावरून हें काम किती नाजुक आहे तें ध्यानांत येईल.

सुदैवानें पक्ष्याचें हाड लवकर जुळतें. बहुधा दोन-तीन आठवडे पुरतात. पण यांतहि एक मेख आहे. पंख बांधून ठेवला नाहीं तर हाड वांकडें जुळतें, आणि फार दिवस बांधून ठेवला तर सांधा आखडतो व पुढचा पडदा आकसतो. म्हणून दर कांहीं दिवसांनीं पट्टी सोडून पंख अलगद ताणावा लागतो, किती ताणावा याचा अंदाज बोटांनींच शिकावा लागतो. शिवाय प्रत्येकाचें पथ्य वेगळें: घारीला मांस, वेड्या राघूला किडे, पारव्याला दाणे, शिंजिराला मधासारखा गोड द्रव. लहान पिलांस तर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत दर अर्ध्या तासानें भरवावें लागतें. सेवकांस सणवार नाहीं, सुट्टी नाहीं.

हाड जुळलें, जखम भरली, तरी पिसें तुटलेलीं असलीं तर उडतां येत नाहीं. आपलें नख जसें तुटल्यावर मुळापासून वाढतें, तसें पीस वाढत नाहीं. तुटलेलें पीस पुढच्या झडीच्या हंगामापर्यंत तसेंच राहतें. यासाठीं एक जुनी युक्ति आजहि वापरतात. तेराव्या शतकांत सम्राट दुसरा फ्रेडरिक यानें बाज पक्ष्यांच्या शिकारीवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यांत ती आलेली आहे. त्याच जातीच्या दुसऱ्या पक्ष्याचें गळलेलें पीस घ्यावयाचें. तुटलेल्या पिसाच्या पोकळ देठांत बांबूची किंवा धातूची बारीक काडी बसवावयाची, व तिच्यावर नवें पीस चिकटवावयाचें. पीस निर्जीव असल्यामुळें वेदना होत नाहीं, आणि पक्षी उसन्या पिसांनीं आकाशांत जातो. म्हणून जाणते सेवक केंद्रांतील गळलेलीं पिसें टाकून देत नाहींत. तीं जातवार जपून ठेवतात.

आतां या विद्येंतील सर्वांत कठीण नियम सांगतों. पक्ष्याला माणसाचा लळा लागूं द्यावयाचा नाहीं. कोनराड लॉरेन्झ या शास्त्रज्ञानें १९३५ सालीं दाखवून दिलें कीं, हंसाच्या कुळांतील रानबदकांचीं पिलें अंड्यांतून निघाल्यावर जो पहिला हालता जीव पाहतात, त्यालाच आई समजून त्याच्या मागें चालूं लागतात. अशीं माणसाळलेलीं पांखरें मोठेपणीं आपल्या जातीस ओळखत नाहींत, आणि माणसास भीत नाहींत. दोन्हींचा शेवट वाईट. अमेरिकेंत कॅलिफोर्नियाच्या कॉन्डोर गिधाडांची संख्या १९८२ सालीं अवघी बाविसाच्या आसपास उरली होती. तेव्हां तेथील सेवकांनीं पिलें वाढवितांना स्वतः आड उभें राहून, हातावर गिधाडाच्या डोक्याचें बाहुलें चढवून त्या बाहुल्याच्या चोंचीनें घांस भरविले. आज ती संख्या पांचशेंहून अधिक आहे. आपल्याकडील चांगल्या केंद्रांतहि पिंजऱ्यावर पडदा असतो, बोलणें हळू असतें, पक्ष्यास लाडाचें नांव ठेवून कोणी हांक मारीत नाहीं. ज्याच्यासाठीं रात्री जागविल्या, त्यानें आपल्याला ओळखूं नये, अशी इच्छा धरणें सोपें नव्हे. पण खरी माया तीच.

शेवटची परीक्षा मोठ्या पिंजऱ्यांत होते. लांबलचक पिंजऱ्यांत पक्षी या टोंकापासून त्या टोंकापर्यंत उडतो. दोन्ही पंख सारखे हलतात कीं नाहीं, तो वळतांना कलतो कीं काय, किती फेऱ्यांत दमतो, बसतांना अडखळतो कीं काय, हें पाहतात. शिकारी पक्ष्यास स्वतः भक्ष्य पकडतां येतें कीं नाहीं, हेंहि पारखतात. मग हवा स्वच्छ पाहून, जेथें तो सांपडला त्याच भागांत त्याला सोडतात, कारण तेथील पाणी, झाडें व धोके त्याला माहीत असतात. घारीस सकाळीं, घुबडास तिन्हीसांजेस. दूरदेशचा पाहुणा असला तर त्याच्या जातभाईंच्या परतीचा हंगाम चुकूं देत नाहींत. दार उघडतें, पक्षी क्षणभर थबकतो व निघून जातो. तो मागें वळून पाहत नाहीं. आणि त्यानें पाहूं नये, यासाठींच तर सगळा खटाटोप.

सर्वच रोगी बरे होतात असें सांगितलें तर तें खोटें होईल. पुष्कळ पक्षी पहिल्याच रात्रीं मरतात. कांहींचा पंख कायमचा जातो. अशा वेळीं त्याला जन्मभर पिंजऱ्यांत ठेवावें, कीं वेदनांतून शांतपणें मुक्त करावें, हा प्रश्न वैद्यापुढें उभा राहतो, आणि त्याचें उत्तर कधींच आनंदाचें नसतें. म्हणून उपचारापेक्षां कारणाकडे लक्ष देणें अधिक शहाणपणाचें. गिधाडांचें उदाहरण घ्या. १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या देशांतील गिधाडें हजारोंनीं मरूं लागलीं. त्यांच्यासाठीं हरियाणांत पिंजोर येथें २००१ सालीं संगोपन केंद्र स्थापन झालें. पण एकेक गिधाड वांचवून भागणार नव्हतें. २००४ सालीं शास्त्रज्ञांनीं पाकिस्तानांतील मृत गिधाडें तपासून उलगडा केला कीं, गुरांस दिलेलें डायक्लोफेनॅक हें वेदनाशामक औषध मेलेल्या गुराच्या मांसावाटे गिधाडाच्या पोटांत जातें व त्याचीं मूत्रपिंडें निकामी करतें. २००६ सालीं भारत सरकारनें गुरांसाठीं त्या औषधास बंदी केली. रोग्यानें कारण दाखविलें. कारण दूर करणें आपल्या हातीं.

मांजाचें कारण तर आपल्या अगदीं हातांतच आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१७ सालीं नायलॉनच्या मांजास देशभर बंदी केली. तरीहि तो चोरून विकला जातो, कारण विकत घेणारे आहेत. आमच्या विद्यार्थिमित्रांनीं निश्चय केला तर पुष्कळ होण्यासारखें आहे. पतंग उडवावा, पण साध्या सुती दोऱ्यानें. पहांटे व सांजवेळीं उडवूं नये. आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीं टोळ्या करून रस्त्यावरचा, अंगणांतला दोरा गोळा करून नष्ट करावा. पालकांसहि एक विनंति. मुलानें जखमी पोपट घरीं आणला तर त्याला रागावूं नये, त्याची दया मोलाची आहे. पण पिंजराहि आणूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें असा पक्षी ताब्यांत आल्यास ४८ तासांच्या आंत वनअधिकाऱ्यास किंवा पोलीस ठाण्यास कळविणें बंधनकारक आहे. मुलाला सोबत घेऊन तो पोंचता करावा. देऊन टाकण्याचा हा धडा त्याला कोणत्याहि पुस्तकांत मिळणार नाहीं.

मुंबईंत शाळकरी वयाच्या एका मुलानें छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिंवळा ठिपका दिसला, म्हणून चौकशीसाठीं तो नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेला. तेथील चिटणीस मिलर्ड यांनीं त्याला हुसकून न लावतां आस्थेनें पक्ष्यांचा संग्रह दाखविला. तो मुलगा म्हणजे पुढें जगप्रसिद्ध झालेले पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली. एका मेलेल्या चिमणीनें एका मुलाचें आयुष्य बदललें, तर एक वांचलेलें पांखरूं आपल्याला किती शिकवील बरें! तें शिकवितें कीं, दयेला ज्ञानाची जोड हवी, आणि मायेला मोकळ्या हाताची. ज्या केंद्राचे पिंजरे रिकामे, तें केंद्र भाग्याचें. आणि ज्या गांवांत अशा केंद्राचें काम वर्षानुवर्षें कमी होत जाईल, तें गांव त्याहून भाग्याचें. आपलें गांव तसें करणें हें, बालमित्रांनो, तुमच्याच हातीं आहे.